माय नीळ

आते इस्त्री करताना कपड्यांशी बोलायची. बाही नीट वळली नाही तर तिच्या भाषेत रागवायची आणि कंदुऱ्याची, म्हणजे अरबांच्या लांब पांढऱ्या झग्याची, घडी झाली की त्यावर थाप मारून म्हणायची, "खलास, हबीबी."

आखातातल्या अल कुसैसच्या त्या लाँड्रीत मी धुण्याला होते, ती इस्त्रीला. तिच्या फिलिपिनी मैत्रिणी तिला आते म्हणायच्या. मला वाटलं, बापाच्या बहिणीला म्हणतात तेच. त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात, हे पुढे कळलं. तोवर मनात ती माझी आत्या झाली होती. मनातच, कारण मी कुणाशी बोलतच नसे. ती मोडक्या हिंदीत काहीबाही विचारायची, मी मान हलवायची.

एका सकाळी मी पांढऱ्या कपड्यांच्या टबात नीळ सोडत होते. निळा धागा पाण्यात उतरला, वळला, पसरत गेला. आते इस्त्री बाजूला ठेवून बघत राहिली. हे काय, तिनं विचारलं. मी पुटपुटले, नीळ. तो शब्द तिनं मला तीनदा म्हणायला लावला. मग सांगितलं, तिच्या मनिला शहराचं तिच्या भाषेतलं नाव मायनिला. माय म्हणजे आहे, निला म्हणजे निळीचं झाड. नीळ आहे ते गाव. तिची आई मात्र म्हणायची, नदीकाठच्या पांढऱ्या फुलांच्या झुडपावरून नाव पडलं.

"हम तो दोनों नहीं देखा," आते हसली. "सिर्फ गाड़ी देखा."

मला माय म्हणजे आईच ऐकू यायचं. टबावर वाकले की पाण्यात एक निळं, ओलं गाव दिसायचं आणि दारात आते उभी.

लाँड्रीत आठ वर्षं काढून ती कायमची घरी निघाली. मुलीला तीन वर्षांची असताना आजीकडे ठेवून आली होती. मुलगी फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नसे. त्या आठवड्यात आते कपड्यांशीही बोलेना.

"वो भी तुम्हारे जैसा है," मला म्हणाली. "मैं पहले क्या बोलेगा?"

निघायच्या दिवशी गाडी आली, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करू लागला. तेव्हा मी निळीची छोटी बाटली तिच्या बॅगेत खुपसली आणि पहिल्यांदा आपणहून बोलले, "आते, माय नीळ."

तिनं माझे निळे हात नुसते धरून ठेवले.

दोन महिन्यांनी लाँड्रीत तिचा फोन आला. वाटेत बाटलीचं झाकण सुटून बॅगेतले सगळे कपडे निळे झाले होते. मुलीनं बॅग उघडली आणि ओरडून विचारलं, आई, हे काय?

"फिर हम दोनों बैठके धोया," आते म्हणाली. "तीन दिन. अच्छा है, जल्दी जाता नहीं."