पाळंदे गुरुजी पुन्हा जन्माला आले त्याची हकिगत

काशीच्या ब्रह्माघाटावरचे बिंदुमाधव पाळंदे जिवंत आहेत ही बातमी घरी पोचली, तेव्हा त्यांचं तेरावं होऊन दोन दिवस झाले होते. जेवायला आलेल्यांनी लाडवांची तारीफ केली होती, पुतण्या केयूरने डोकं भादरून घेतलं होतं, अस्थी गंगेत गेल्या होत्या. फोन त्यांच्या बायकोने, मृणालिनीबाईंनीच घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमचे यजमान शुद्धीवर आलेत आणि चहा मागताहेत. बाईंनी दोनदा नाव विचारून खात्री करून घेतली आणि मग गॅस बंद करायला आत गेल्या, कारण दूध उतू चाललं होतं.

झालं होतं ते असं. गुरुजी दक्षिणेत कुठल्याशा यज्ञाला गेले होते. परतीचं विमान मधल्या एका शहरात उतरताना धावपट्टी सोडून ज्वारीच्या रानात शिरलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. पुढचा जळला, मागचा राहिला. मागे एकविसाव्या रांगेत खिडकीशी एक माणूस सापडला, तोंड भाजलेलं, जबडा मोडलेला, शुद्ध नाही. यादीत त्या खिडकीवर सुशांत नावाचा प्रवासी होता, म्हणून हा सुशांत ठरला. शेजारची सीट पाळंद्यांची, ती उखडून कुठे गेली पत्ता नव्हता, म्हणून पाळंदे गेले असं ठरलं. पुढच्या तुकड्यात ओळख न पटणारा एक देह जास्तीचा निघाला. तो पेटीत घालून केयूरच्या हवाली केला. तपासणीचा कागद महिन्याने येणार होता, पण जीव काही सरकारी कागदासाठी थांबत नसतो, हे त्याला कोणी शिकवलं होतं? गुरुजींनीच. पोरगा आज्ञाधारक. मणिकर्णिकेवर त्याने सगळं यथासांग उरकलं.

तिकडे इस्पितळात सुशांतची बायको मधुरा पंधरा दिवस बँडेजातल्या त्या माणसाजवळ बसून होती. त्याला पेपर वाचून दाखवायची, नळीतून भरवलेलं पोटात गेलं की शाबासकी द्यायची. गुरुजींना अधूनमधून शुद्ध यायची आणि ही बाई कोण, हे विचारायला तोंड उघडायचं नाही. पंधराव्या दिवशी उजव्या हाताची तीन बोटं मोकळी झाली. त्यांनी पाटी मागून घेतली आणि लिहिलं, ‘मी बिंदुमाधव पाळंदे, ब्रह्माघाट, काशी. चहा मिळेल का?’ मधुराने ते वाचलं. नर्सला चहाचं सांगितलं, पाण्याच्या बाटलीचं बूच लावलं आणि चपला घालून निघून गेली.

आता दुसरा कोणी असता तर घरी येऊन बायकोच्या हातचा वरणभात जेवला असता. पण पाळंदे गुरुजी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. प्रवासात स्वतःची सोवळ्याची धाबळी अंथरल्याशिवाय बसायचे नाहीत, आणि शेजारच्याने लसणाची चटणी उघडली तर गाडीचा डबाच बदलायचे. दोन महिन्यांनी टॅक्सी घाटाच्या गल्लीशी थांबली, अख्खी आळी जमली, आणि गुरुजी दारात येऊन थबकले. आत येईनात. ज्याची उत्तरक्रिया झाली तो मेला, म्हणाले. मेलेल्या माणसाला घर नाही, गोत्र नाही, बायको नाही. पुन्हा जन्म घ्यायचा, सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, तेव्हा तो गृहस्थ. मृणालिनीबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि पडवीत गादी घालायला सांगितली.

जन्म रीतसर झाला. तांब्याच्या मोठ्या घंगाळात कोमट पाण्यात तूप घालून गुरुजींना बसवलं. एकसष्ट वर्षांचं बाळ, दाढी अर्धीच उगवलेली, जबड्याला तार. केयूरने कानात मंत्र म्हटले, एक स्वर चुकला, तर बाळानेच दुरुस्त केला. नाव बिंदुमाधवच ठेवलं. आठवड्यात मुंजही लागली. राहिलं लग्न.

दरम्यान गुरुजींच्या पडवीत माणसांची रीघ. बातमीवाले आले, रामनगरचे यजमान आले, बालाजी घाटाचा नावाडी तर रोज नवीन माणूस घेऊन यायचा, ‘यही हैं जो बचे हैं’ म्हणून. गुरुजी हकिगत सांगायचे आणि चांगली सांगायचे. विमान कसं डगमगलं, लोक कसे किंचाळले, आपण डोळे मिटून सहस्रनाम कसं धरलं. सुरुवातीला एक वाक्य मात्र ते घाईने म्हणायचे: ‘शेजारच्या गृहस्थांना पुढे रिकामी जागा दिसली, पाय पसरायला बरी म्हणून ते आपणहून गेले, मी खिडकीत सरकलो.’ ते म्हणून झालं की दर वेळी पाणी मागायचे. लोकांना वाटायचं, जबडा दुखतो.

मुहूर्त निघाला. हार सांगितले, भटजी ठरले, आणि आदल्या दिवशी मृणालिनीबाईंनी पडवीत येऊन सांगितलं की त्या लग्न करणार नाहीत.

केयूरचे डोळे पांढरे झाले. गुरुजींना आधी थट्टा वाटली. पण बाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यांना थट्टा जमत नसे. त्यांनी केयूरला आत पाठवलं आणि समोर पाटावर बसल्या. शास्त्राप्रमाणे मी विधवा आहे, म्हणाल्या. विधवेला पुन्हा लग्नाची सक्ती कुठे लिहिली असेल तर दाखवा. नसेल तर मी विचार करून ठरवणार, आणि विचार करण्याआधी मला एका गोष्टीचं उत्तर हवंय.

“तो माणूस आपणहून उठला?” त्यांनी विचारलं. “चौतीस वर्षांत तुमच्या शेजारचा कोणी आपणहून उठलेला मी पाहिला नाही. तुम्ही उठवता.”

गुरुजींनी गादीवरची सुरकुती हाताने सारखी केली. शास्त्रार्थात मोठमोठ्यांना गप्प केलेला माणूस आता हिशेब करू लागला. नाही म्हटलं तर ही ऐकून घेईल, आत जाईल, आणि जन्मभर पडवी. हो म्हटलं तरी तेच. शेवटी त्यांनी सांगितलं. त्या माणसाने डबा उघडला, उकडलेल्या अंड्याचा वास आला. मी हवाईसुंदरीला बोलावून तक्रार केली. ती म्हणाली, तिसऱ्या रांगेत एक जागा आहे, तुम्ही जा. मी म्हटलं, मी धाबळी अंथरून बसलोय, मी का उठू, यांना पाठवा. तो डबा घेऊन गेला. मग मी त्याच्या खिडकीत सरकून बसलो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

“आणि सहस्रनाम?”

“नाही. एकही नाव आठवलं नाही. आई गं म्हणून ओरडलो.”

मृणालिनीबाई रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. आतून फोन घेऊन आल्या आणि मधुराचा नंबर लावून त्यांच्या हातात दिला. नंबर त्यांच्याकडे कधीपासून होता, हे गुरुजींना विचारवलं नाही. तो का उठला, हे ती बाई पेपरातलं वाचून रोज स्वतःला विचारत असेल, एवढंच त्या म्हणाल्या.

आणि खरंच, गुरुजींनी नाव सांगताच मधुराने तेच विचारलं. त्याला खिडकीच लागायची, म्हणाली, एसटीत असो की विमानात, खिडकीसाठी तो माझ्याशीही भांडायचा. मग त्याने ती सोडली का? गुरुजींनी सांगितलं. अंड्याचं सांगितलं, धाबळीचं सांगितलं, काही गाळलं नाही. सांगता सांगता फोन कानावरून सरकला, तो मृणालिनीबाईंनी खालून धरला.



“अंडं नव्हतं, काका,” मधुरा म्हणाली. “पेरू होता. काळं मीठ लावून मीच दिला होता. त्याला वास येतो तसा.”

काळं मीठ गुरुजींच्या स्वतःच्या ताटात रोज असायचं. मी मारलं तुमच्या माणसाला, असं ते म्हणाले. त्यावर मधुराने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तिने विचारलं, उठताना तो चिडला का, काही बोलला का. इतक्या लोकांना इतक्या वेळा हकिगत सांगितली, हे कोणी विचारलं नव्हतं.

“बोलले. म्हणाले, बसा काका तुम्ही, मला कुठेही चालतं.”

“खोटं बोलला,” मधुरा म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. गुरुजी फोन कानाला धरून बसून राहिले. ठेवून द्यावा असं वाटत होतं, तरी ठेवला नाही. ती थांबली तेव्हा त्यांनी हळूच सुशांतचं गोत्र विचारलं, आणि तिने सांगितलं.

हार परत पाठवले. गुरुजींनी केयूरला बोलावून सांगितलं की काशीत जो माणूस जाळला त्याचे दहा दिवस आपल्या नावाने झालेत, ते आता त्याच्या नावाने करायचे, उद्यापासून, आणि एकही स्वर चुकायचा नाही. केयूरने घाबरत विचारलं, आणि लग्न?

गुरुजींनी मृणालिनीबाईंकडे पाहिलं. तू काय ते सांग, म्हणाले. तुला नकोसा झालो असेन तर तसं सांग, मी पडवीत राहीन.

“अकराव्या दिवशी विचारा,” बाई म्हणाल्या. “ठरवून टाकू नका. विचारा.”

अकराव्या दिवशी पिंड सोडून ओल्या पंच्याने गुरुजी पायऱ्या चढून आले आणि दारात उभं राहून त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांपूर्वी बिंदुमाधवांच्या आणि मृणालिनीच्या वडिलांनी आपसात ठरवलं होतं, तेव्हा हे काम राहून गेलं होतं. विचारताना त्यांना विमानात वाटली होती तेवढीच भीती वाटली.

बाईंनी त्यांना पुरतं एक मिनिट उभं ठेवलं. मग हो म्हणाल्या.