शिरसाठ सरांची फक्की

शिरसाठ सर आमच्या नव्या खोलीत कधी भिंतीतून आले नाहीत, भिंती नव्हत्या तेव्हासुद्धा! मागच्या अंगणात पांढऱ्या फक्कीने आखलेल्या दारापाशी थांबायचे, हवेतच टकटक करायचे आणि आतून "या" आलं की चपला काढून रेघेच्या आत पाऊल टाकायचे.

सर इंदिरानगरातले आमचे शेजारी, निवृत्त खेळशिक्षक. खो-खोची मैदानं आखण्यात हयात गेलेली, त्यामुळे घरात एक वेळ साखर नसेल, फक्की असायचीच. गळ्यातली शिट्टी ते अंघोळीलाही काढत नसावेत, असा मला दाट संशय होता.

माझे वडील, अण्णा, आई गेल्यावर सायखेड्याला एकटेच राहत. गुडघे कामातून गेलेले, आणि आमच्या रो-हाउसच्या खोल्या सगळ्या वर. खाली हॉलमध्ये राहा म्हटलं तर म्हणाले, "हॉलमदी? तुमच्या पावण्यांनी मला वलांडून जायचं का?" म्हणून मागे एक खोली वाढवायचं ठरवलं. नकाशा सरांना दाखवला, तर त्यांनी चष्माही लावला नाही. "नकाशा महापालिका मंजूर करील हो. खोली अण्णांनी मंजूर करायला हवी. बोलवा त्यांना!"

अण्णा चार दिवसांसाठी म्हणून आले, तेव्हा सरांनी भिंती, दार, खिडकी सगळं आखून मध्ये खाट टाकली होती. "ह्यो काय पोरखेळ," अण्णा पुटपुटले, पण बसले. बायको चहा घेऊन सरळ खाटेकडे निघाली आणि कर्कश शिट्टी वाजली. "फाउल! सूनबाई, भिंतीतून चहा?" बिचारी वळसा घालून दारातून आली. अण्णा खो खो हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

चार दिवसांचे पंधरा झाले. एकदा अण्णांनी पायानेच खिडकी पुसली. "हितून सर दिसत नाय. त्यांच्या खुर्चीसमोर घ्या." आर्किटेक्ट वैतागला, पण खिडकी हलली, नकाशा मंजूर झाला, खोली उभी राहिली. वास्तूच्या दिवशी सरांनी आपली शिट्टी अण्णांच्या गळ्यात घातली. "आता पंच तुम्ही." पुढे दोघांच्या गप्पा रोज रंगायच्या, अण्णा खिडकीत आणि सर कुंपणापलीकडे खुर्चीत.

यंदा संक्रांतीनंतर सर झोपेतच गेले. अण्णांनी खिडकी लावून घेतली आणि एका सकाळी पिशवी भरली. "गावाला जातो. सरांच्या बाईंना भेटून येतो तेवढं."

सरांच्या पत्नीकडून ते परतले, ते फक्कीचा डबा घेऊन. पिशवी तशीच ठेवून खिडकीखाली अंगणात वाकत वाकत एक चौकोन आखू लागले.

"सरांना कायम लांबून बोलाय लागलं. हितं ओटा पायजे होता. आता कुणी येणारा-जाणारा टेकंल. परवानगीचं बघ तू."

त्यांचा तोल जाईल म्हणून मी घाईने पुढे झालो. शिट्टी वाजली.

"फाउल! पायरी तिकडं हाय."