पाखराची राखण

आमची आक्का व्हिडिओ गेम खेळायची, पण एकदाही पुढं जायची नाही. रणगाड्यांचा तो गेम ज्यांनी खेळलाय त्यांना ठाऊक असेल. पडद्याच्या तळाशी विटांच्या आत एक पाखरू बसलेलं असतं. वरून शत्रूच्या टांक्या येतात आणि पाखराला गोळी लागली की खेळ खलास. बाकी सगळे मारत मारत वर धावतात. आक्काची हिरवी टांकी मात्र पाखराशेजारी उभी ती उभीच. “मारणारे लई हायत गे. राखणारं कोण?” म्हणायची. गावानं तिचं नावच राखणदारीण पाडलं होतं.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला, म्हणून एकुलत्या लेकाला, सुऱ्याला घेऊन माहेरच्या जमिनीवर, आमच्या शेजारीच राहायची. आमच्या अणशीकडं भात पिकवणं सोपं, ते घरात आणणं अवघड. गवे येतात, डुकरं येतात. आक्का शेतातल्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवायची, पण दगड कधी मारायची नाही. “आपण हितं हाय येवढं त्याला कळलं म्हंजे बास.” तेच तिनं गेममध्ये आणलं.

गेमचा डबा सुऱ्यानं आणला. तो गोव्याला कामाला होता. त्यानं आईला शिकवलं, आईनं मला. दुपारची भांडी घासून झाली की आम्ही दोघी रिमोट घेऊन बसायचो. मी पन्नाशीची, ती साठीला टेकलेली, आणि भांडायचो लहान पोरींसारख्या. माझी टांकी पटापट मरायची. “भाकरी करपवतेस तशी टांकी बी करपवतेस!” म्हणून ती मला हाणायची आणि हसून हसून डोळे पुसायची.

त्या चवथीला सुऱ्या गणपतीसाठी आला आणि एका बसणीत चौऱ्याऐंशी हजार सहाशे केले. आमच्या घरात एवढा आकडा कुणी बघितला नव्हता. पडद्यावर वरच्या बाजूला सगळ्यांत मोठा आकडा दिसत राहतो. पण त्या डब्याला आठवण कसली ती नाही, बंद केला की आकडा गेला. निघताना सुऱ्या म्हणाला, “आई, बंद करू नको हां. दिवाळीला येऊन मीच मोडतो.”

दिवाळीच्या आठ दिवस आधी अनमोड घाटात त्याची मोटारसायकल पडली.

बाराव्यानंतर पाहुणे गेले. आक्कानं टीव्ही लावला, तर आकडा तसाच. डबा चालूच होता. त्या दिवसापासून तिनं तो बंद केला नाही. आमच्याकडं लाइनीचा काय भरवसा! म्हणून चवथीलाच तिनं डबा सोलारच्या बॅटरीला जोडून घेतला होता. पाऊस लागला आणि ऊन दिसेना, तेव्हा तिनं घरातले सोलारचे बल्ब काढून ठेवले आणि चिमणीच्या उजेडात स्वयंपाक करू लागली. मी ओरडले, तर म्हणाली, “मला काय वाचायचंय? त्याला लागतंय ते.” खेळायचो आम्ही तेव्हाही. पण आमचा आकडा सुऱ्याच्या आकड्याजवळ जायला लागला की मी माझ्या टांक्या मुद्दाम मरू द्यायची. का ते आम्ही कधी एकमेकींना बोललो नाही.

आषाढात लाइन गेली ती आठ दिवस आली नाही. त्यातच आक्काला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. गाडी बोलवायची तर फोन हवा, आणि माझा फोन मेलेला. बॅटरीत जीव कसला, डब्याचा लाल दिवा तेवढा मिणमिणत होता. मी थोडा वेळ त्या दिव्याकडं बघत बसले. मग वायर ओढली आणि फोन चार्जिंगला लावला.

अर्ध्या तासानं फोन घेऊन मी छत्रीखाली टेकडी चढले. रेंज तिथंच मिळते. तासभर हात वर करून उभी राहिले. रेंज आली नाही, लाइनीबरोबर टावरही मेला होता. खाली आले. गावातल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून आक्काला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. तिथं वाटेनं जाणारी एक जीप थांबली.

वीस दिवसांनी ती घरी आली, अर्धी होऊन. पाणीसुद्धा न पिता टीव्हीसमोर बसली. मी डबा पुन्हा जोडून ठेवला होता. वर आकडा होता, पण तो डब्याचा स्वतःचा, नवा आणला तेव्हा दिसायचा तो. तिनं बराच वेळ बघितलं.

“फोनाला काढलीस काय वायर?”

“व्हय.”

“लागला न्हवं फोन?”

“लागला की,” मी म्हणाले. “म्हणून तर गाडी आली.”

“मग बरं केलंस.”

तिनं रिमोट घेतला, खेळ लावला. हिरवी टांकी पाखराकडं वळवली. एक वीट फोडली, दुसरी फोडली आणि पाखराला स्वतःच गोळी घातली. “लई दिस उभी हाय गे,” म्हणाली आणि डबा बंद केला. त्यानंतर आम्ही कधी खेळलो नाही.

माघात ती गेली. डबा आता माझ्या फडताळात आहे.

जायच्या थोडे दिवस आधी, मळणी चालू होती, तेव्हा झोळी उचललेल्यांतला गोपाळ आमच्या अंगणात आला. बोलता बोलता आक्काच्या तापाचा विषय निघाला. तो म्हणाला, “फोन कसला लागतोय त्या दिवशी! टावरच...”

माझ्या हातातलं सूप थांबलं.

“तुला काय म्हाईत रे?” आक्का म्हणाली. “आमच्या भावजयीनं फोन लावला, म्हणून मी हितं बसलेय. चा पी गप.”

माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. भात निवडत राहिली.