पट एकोणीस

वार्ताहराच्या वहीत पुढून बातम्या असतात आणि मागून किस्से. बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात भजी बांधली जातात. किस्सा मात्र वहीतच राहतो, साचत जातो. कोल्हापुरात मी वीसएक वर्षं शाळा या विषयावर लिहिलं. माझ्या वह्या कायम मागूनच आधी भरायच्या!

त्यातले बरेच किस्से एकाच शाळेतले. कळंब्याच्या वाटेवरची सरकारी प्राथमिक शाळा. चार वर्ग, दोन खोल्या आणि मुख्याध्यापिका चौगुले बाई. वरून हुकूम असा होता, की सप्टेंबरअखेर हजेरीपटावर वीस मुलं दिसली नाहीत तर शाळा बंद. मुलांनी मग हायवे ओलांडून पलीकडच्या शाळेत जायचं. या गावात एके काळी मूल शाळेत घातलं नाही म्हणून बापाला दंड व्हायचा. आता मूल मिळालं नाही म्हणून शाळेला शिक्षा!

*

आधी कारकून गेला. मग शिपाई निवृत्त झाला आणि त्याची जागाच रद्द झाली. शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. तो बाई स्वतः बडवायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांकडे त्यांनी शिपाई मागितला.

साहेब म्हणाले, "घंटेसाठी माणूस कशाला? हल्ली पोरांच्या हातात घड्याळं असतात."

बाई म्हणाल्या, "साहेब, हात नंतर बघा. आधी पाय बघा. चपला हायत का?"

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'घंटा वेळेवर होते.'

*

मग खडूंवर कात्री आली. पेट्या निम्म्या झाल्या आणि सोबत परिपत्रक आलं, की शिक्षकांनी फळ्यावर अक्षर लहान काढून काटकसर करावी. मी हे माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे!

बाईंनी पोच पाठवली. आठ दिवसांनी ऑफिसातून फोन आला, तोही शेजारच्या किराणा दुकानात. शाळेचा फोन कधीच तोडला होता.

"बाई, तुमच्या पत्रातलं एक अक्षर लागत नाही. मुंग्या चालल्यात नुसत्या! लिहिलंय तरी काय?"

"काटकसर चालू केली म्हणून कळवलंय, साहेब."

*

दुसरे शिक्षक म्हणजे कांबळे सर. कागलकडचा तरुण, शिकवण्यात पट्टीचा. पण सरकारनं तेव्हा कायम शिक्षक भरणं थांबवून तीन वर्षांच्या मानधनावरचे शिक्षणसेवक आणले होते. सर त्यातले. ते मुलगी बघायला शाहूवाडीकडे गेले. चहा झाला, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी कायम हाय न्हवं?"

"तीन वर्षांनी होईल."

वडील उठले, आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मग पावणं, तीन वर्षांनी या. तवा दाखवतो मुलगी."

सर परत आले ते थेट वर्गावर. बाईंनी विचारलं, "कशी होती मुलगी?"

"दार चांगलं होतं," सर म्हणाले.

*

आता सभापती. सगळ्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या समितीचे हे निवडून आलेले सभापती म्हणजे सरकारी शाळांचे पालक! त्यांनी याच शाळेच्या समोर, रस्त्यापलीकडे, स्वतःच्या संस्थेची इंग्लिश मीडियम शाळा काढली. प्रिन्सिपल कोण? सूनबाई. पहिला विद्यार्थी कोण? नातू. उद्‌घाटनाला तो टाय लावून नव्या पिवळ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसला होता. ती गाडी रोज सकाळी गल्लीगल्लीतून बाईंची पोरं उचलू लागली.

उद्‌घाटनाला बाकं कमी पडली म्हणून बाईंच्या शाळेतली नेली. ती महिनाभर परत येईनात. शेवटी बाई रस्ता ओलांडून मागायला गेल्या.

सभापती हसून म्हणाले, "बाई, कशाला जिवाला लावून घेताय? बाकं तीच, पोरं बी तीच. निस्ता पत्ता बदललाय!"

मी ते जसंच्या तसं छापलं. सभापतींनी त्या अंकाच्या पन्नास प्रती मागवल्या. फोटो चांगला आला होता म्हणे!

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे, पण सांगतो. एकदा बाईंसमोर मी तावातावानं बोलत होतो. सरकार कसं हात झटकतंय, पालकांना इंग्रजीचं कसं वेड लागलंय वगैरे.

बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचा मुलगा कुठल्या शाळेत हाय ओ?"

मी चहा संपवला. कप आधीच रिकामा होता.

*

आणि हा शेवटचा. निवडणूक लागली आणि सभापतींचा मतदारसंघ राखीव झाला. उभं राहायचं तर जातीचा दाखला पाहिजे. त्यासाठी लहानपणी जिथं नाव घातलं, त्या शाळेच्या जुन्या रजिस्टराचा उतारा पाहिजे. सभापतींचं नाव घातलं होतं कुठं? चौगुले बाईंच्या शाळेत!

सप्टेंबरचा शेवटचा दिवस. पट एकोणीस. शाळा बंद होणार, ही बातमी करायला मी गेलो होतो. बाई कपाटाला कुलूप लावून छत्री घेऊन निघाल्या होत्या. तेवढ्यात दारात दोन जीपगाड्या थांबल्या.

"बाई, उतारा पाहिजे. आत्ताच्या आत्ता. उद्या कागद द्यायचेत."

"देतो की. पण जुनं रजिस्टर हुडकायचं, नक्कल करायची, शिक्का मारायचा. दोन तास जातील. आणि मी निघालोय."

"कुठं?"

"पोर हुडकायला. एक कमी पडतंय. आज पट द्यायचाय."

"मग कारकुनाला सांगा."

"कारकून तुम्ही काढलासा."

"शिपाई?"

"त्यो बी."

सभापती कार्यकर्त्यांकडे वळले. "अरं, आणा की एक पोर कुणाचं तरी! बंडू, तुझं धाकटं?"

"आबा, ते तुमच्याच शाळेत हाय की. इंग्लिशला."

"तुझं रं?"

"दोन्ही तिकडंच. तुम्हीच घालायला लावलासा."

दोन जीपभर माणसं, पण एकाचंही पोर शिल्लक नव्हतं. एक जण मागून म्हणाला, "आबा, माझं तर अजून लगीनच न्हाय."

बाईंनी छत्री उघडली. "येतो मी. मिळालं एखादं तर संध्याकाळी बघू उताऱ्याचं."

सभापतींनी रस्त्यापलीकडे बघितलं. मग खिशातून मोबाइल काढला, चिंचेखाली गेले आणि कुणाला तरी फोन लावला. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण पलीकडून बोलणाऱ्या बाईमाणसाचा आवाज मला व्हरांड्यात ऐकू येत होता!

फोन संपला. बाईंनी छत्री मिटली, कपाटाचं कुलूप काढलं. कांबळे सर वर्ग सोडून रजिस्टर शोधायला बसले.

पाच वाजता उतारा घेऊन जीपगाड्या गेल्या. मी हजेरीपट बघायला मागितला. विसाव्या ओळीतली शाई ओली होती. नाव वाचलं. आडनाव वाचलं. बाईंकडे बघितलं.

बाई रुळाचा तुकडा बडवायला उठल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "उद्यापास्नं येतंय. पिवळी गाडीच सोडायला येणार हाय म्हणं."