चावीकाकूंचं पारायण

अन्याय झाला तो आमच्या चावीकाकूंवर. गेल्या मार्गशीर्षात, पारायणाच्या सहाव्या दिवशी, सकाळी सव्वासातला. करणारे शांती नगरमधल्या आमच्याच बिल्डिंगचे सुशिक्षित रहिवासी. हत्यार, दाराची बेल.

काकूंकडे अख्ख्या बिल्डिंगच्या चाव्या असायच्या. नवरा-बायको दोघं कामावर, मुलं दुपारी शाळेतून येणार, मग चावी काकूंकडे. फरसाणाच्या डब्यात, ज्याचा त्याचा रंगीत दोरा बांधून. चाव्यांपाठोपाठ कुरियर आलं, दुधाच्या पिशव्या आल्या, कुणाचं तापलेलं पोर आलं. गिरगावातली खोली सोडून इथे आल्या तेव्हा नोकरी संपली होती. सकाळ तरी आपली, असं वाटलं असणार बिचारीला.

त्यांना हवं होतं एकच. पोथीचं एक पारायण पूर्ण. सात दिवस, एका बैठकीला ठरलेले अध्याय, आणि मध्ये आसनावरून उठलं की मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. हा त्यांच्या आईचा दंडक. त्यामुळे पोथीची सुरुवातीची पानं हाताळून मऊ पडली होती आणि शेवटची दुकानातून आणल्यासारखी करकरीत. पहिले अध्याय काकूंना तोंडपाठ. शेवटच्यात काय आहे, पत्ता नाही.

मला चीड यायची ती त्यांच्या उठण्याची. बेल वाजली की बाई उठायच्याच. ‘वाजू द्या ना,’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, “देव घरातच बसलाय गं, तो कुठे जातोय? माणूस दारात ताटकळतो.” यावर काय भांडणार? चाव्या परत करा म्हटलं, तर लोकांना वाटेल मी रागावले, म्हणे. तुम्ही रागवाच की, काकू!

शेवटी मी माझ्या सवयीप्रमाणे कागद काढला. ‘सकाळी सात ते नऊ बेल वाजवू नये’, ठळक अक्षरात, दारावर. पहिल्याच सकाळी समोरच्या गुजराती बेननी बेल वाजवली, “आंटी, ये बाहर क्या लिखा है?” काकूंनी त्यांना हिंदीत अर्थ सांगितला. वर चहा पाजला.

मग डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब होत चाललेत, वाचायचं ते लवकर वाचून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मोबाइलवर ऐका, नाहीतर मी वाचून दाखवते. काकू पहिल्यांदाच माझ्यावर कडाडल्या, “सगळ्यांचं सगळं करते ना मी? हे एक माझं मला करू दे.”

मार्गशीर्षात बसल्या. भिंग हातात, दिवा जवळ ओढून. पाच दिवस निभले. मी जिन्यात पहारा देत होते. सहाव्या दिवशी दूधवाल्याशी बोलायला खाली उतरले आणि तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे साहेब ऑफिसला निघता निघता काकूंच्या दारी थांबले. माझा कागद त्यांच्या नाकासमोर होता. चावी हरवली नव्हती, कुणी आजारी नव्हतं. मिक्सरचं पार्सल आलंय का, एवढंच विचारायचं होतं. “दोन मिनिटांचं तर काम,” मी धावत वर आले तेव्हा मला म्हणाले. काकू उठल्या होत्या.

पौषात पुन्हा पहिल्यापासून बसल्या, पण अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. तिसऱ्या दिवशी पोथी मिटली ती मिटलीच. मुलगा पुण्याला घेऊन गेला. निघायच्या दिवशी बिल्डिंग लोटली होती, चाव्या न्यायला. काकू दोरा बोटांनी चाचपून ज्याची त्याची चावी देत होत्या. मी कानाशी जाऊन विचारलं, शेवटचा अध्याय वाचून दाखवू का?

“नको. राहू दे. देवाला भेटायला तेवढं निमित्त असू दे.”

लोकांनी डोळे पुसले. मला असलं गोड ऐकून घेता येत नाही. बाईला निमित्त नको होतं, एक सकाळ हवी होती. ती आपण दिली नाही.

तुमच्या मजल्यावरही अशी कुणी असेलच. घरात तुमची आई असेल. उद्या सकाळी ती डोळे मिटून बसलेली दिसली, तर हाक मारू नका. चहा स्वतः करा. पार्सल कुठे आहे ते स्वतः शोधा. आणि कुणी बेल वाजवायला आलाच, तर तिच्याआधी तुम्ही उठा.