देवीला न विचारलेलं

बेदाण्यांचे देठ निम्मेच काढून झाले होते. तासगावहून भावजयीनं पाठवलेले पाच किलो बेदाणे परातीत पसरून चारुशीला सकाळपासून बसली होती. डावीकडं निवडलेले, उजवीकडं तसेच. तेवढ्यात फोन वाजला. खणभागातल्या दिलशादभाभी होत्या, तिच्या धवलबरोबर सफरीला जायचं म्हणणाऱ्या आसियाची आई.

"वहिनी, महिनाभर मी पोरीला नाहीच म्हणत होते," दिलशादभाभी म्हणाल्या. "पण तुम्ही तुमचं एकुलतं एक पोरगं धाडताय, वर म्हणालात की खात्री करून घेतलीय. मग काल हो म्हणून टाकलं तिला."

त्यांचा आवाज हलका झाला होता. आसियाला डब्यात काय द्यावं, उन्हाची कुठली ओढणी द्यावी, असं बरंच त्या बोलत राहिल्या आणि चारुशीला हूं हूं करत राहिली. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, मघापासून आपण काढलेले देठ निवडलेल्या ढिगातच टाकतोय.

तीस वर्षांच्या संसारात देवीला न विचारता तिनं मोठं असं काही केलं नव्हतं. सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट घेताना, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, आणि धवलनं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून मालवणला समुद्रात बुड्या मारायला शिकवायची नोकरी धरली तेव्हाही, ती कुंडलच्या पुढं माहेरच्या गावी जाऊन कौल लावून आली होती. गुरव देवीच्या मूर्तीला दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. सवाल बोलायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तिचे यजमान हरीभाऊ चेष्टा करायचे. या वेळीही डबा घेऊन ऑफिसला निघता निघता म्हणाले होते, "पासपोर्टाचं एक पान तुझ्या देवीच्या शिक्क्याला मोकळं ठेवायला सांग." पण उजवा कौल आला की त्या दिवशी त्यांनाही जेवण जास्त जायचं.

या वेळचा सवाल जड होता. धवल पाच जणांना घेऊन तांबड्या समुद्रात, सुदानच्या किनाऱ्याला निघाला होता. आठवडाभर बोटीवर राहायचं आणि रोज खाली उतरायचं. त्या देशात लढाई चालू आहे हे त्यानं घरात लपवलं नव्हतं. लढाईमुळं तिकडं कुणी फिरकत नाही, म्हणूनच पाण्याखालचं सगळं अजून जसंच्या तसं आहे, असं तो सांगायचा आणि सांगताना लहान व्हायचा. बंदर लढाईपासून लांब आहे, असं बोटवाल्यानं कळवलं होतं. बोटवाला दुसरं काय कळवणार?

गेल्या मंगळवारी ती एसटीनं गेली. वाटभर सवाल घोळवला होता: धवलला जाऊ द्यावं का? देवळात अर्जुना गुरवानं कळ्या लावल्या आणि बजावलं, "आक्का, सवाल एकच घाला. देवीला दोन दोन गोष्टी इचारू नगा." तिनं हात जोडले, देवीच्या चांदीच्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि तोंडातून भलतंच निघालं, "आई, माझं पोरगं सुखरूप परत येईल ना?"

उजवी कळी टपकन पडली.

"लय झटक्यात दिला की कौल," अर्जुना हसत म्हणाला. "धाडा बिनघोर."

परतताना ती सुखात होती. चार दिवस त्या सुखातच गेले. धवलला सांगितलं, हरीभाऊंना सांगितलं, आणि दिलशादभाभींनी काकुळतीनं विचारलं तेव्हा मोठ्या ऐटीत बोलून गेली की काळजी करू नका, मी खात्री करून घेतलीय.

आज परातीपुढं बसल्यावर तिला त्या वाक्याचा घास गिळवेना. कसली खात्री? जाऊ द्यावं का, हे तिनं विचारलंच नव्हतं. पोरगं जाणार हे धरूनच बोलली होती. आणि विचारलं ते एकट्या आपल्या पोराचं. आसियाचं नाव तोंडात आलं नाही. बाकीच्या चौघांची तर नावंही तिला ठाऊक नव्हती. जेवढं विचारलं तेवढ्याचं देवीनं उत्तर दिलं. तिचा काय दोष?

ती उठली. धवल बाल्कनीत पाण्यातले बूट, चष्मे गोड्या पाण्यानं धूत बसला होता. बाजूच्या स्टुलावर त्याची वही होती. कुठं, किती खोल, किती वेळ, सगळं तो उतरण्याआधी त्यात लिहायचा. घरात कपाट उघडं टाकणारा हा मुलगा पाण्याच्या बाबतीत सोनारासारखा काटेकोर होता. चारुशीलानं वही उघडली. सुदानच्या पानावर तीन ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढं कागद खोडरबरानं घासून खरखरीत झाला होता.

"इथं काय होतं रे?"

धवलनं मान वर केली नाही. प्रश्नचिन्हं होती, म्हणाला. पहिली ओळ विम्याची. युद्ध चालू असलेल्या मुलखातलं नुकसान विम्यात बसत नाही, असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. दुसरी दवाखान्याची. पाण्यातून घाईनं वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे धरतात, त्याला हवेच्या दाबाच्या बंद टाकीत ठेवावं लागतं, आणि तशी चालू टाकी तिकडं जवळ कुठं आहे हे त्याला कुणी सांगू शकलं नव्हतं. तिसरी विमानतळाची. तो बंद पडला तर सहा जणांनी परत कसं यायचं?

"मग पुसलीस का?"

"मंगळवारी तू कौल घेऊन आलीस ना." त्यानं चष्मा पुन्हा बादलीत बुडवला. "माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण तू मला मिरजेला एकट्याला सोडताना दहा वेळा बजावतेस. तूच सोडतेयस म्हटल्यावर मला वाटलं, मीच उगाच घाबरतोय."

चारुशीलानं वही परत स्टुलावर ठेवली.

"तू पोरांना काय शिकवतोस? उतरण्याआधी जोडीदाराच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचं काय?"

"काटा आपण बघायचा."

"आणि तो म्हणाला, मी बघितलाय, तर?"

"तरी आपण बघायचा," धवल म्हणाला.

मग तिनं कौलाचं सगळं सांगितलं. सवाल कसा फिरला, कुणाचं विचारलं, कुणाचं राहिलं. सांगताना देवीपुढं रडावं तसं रडू येत होतं, पण रडली नाही. जाऊ नको असंही म्हणाली नाही. म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते पुन्हा एकट्या आपल्या पोरासाठीच झालं असतं.

तिकिटं संध्याकाळी पक्की करायची होती. धवलनं हात पुसले, पेन्सिल घेतली आणि घासलेल्या जागी तिन्ही प्रश्नचिन्हं पुन्हा काढली. बोटवाल्याला आता लेखी विचारतो, म्हणाला. पाचपर्यंत तिन्हीची उत्तरं आली नाहीत तर तिकिटं काढणार नाही, आणि हे पान पाचही जणांना दाखवतो.

"आसियाला मी सांगू?" त्यानं विचारलं.

"आसियाला तू सांग. तिच्या आईला सांगणं माझं आहे."

उत्तरं आली तर काय, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. चारुशीलानं परातीवर फडकं टाकलं. देवघरापुढं उभी राहिली, पण या वेळी काही विचारलं नाही, नुसती हळद-कुंकवाची बोटं टेकवली. पायात चपला घातल्या. रिक्षा करून तिला खणभागात दिलशादभाभींच्या घरी जायचं होतं, आणि खात्री केलेली नाही, असं त्यांना समोर बसून सांगायचं होतं.