कॅपसूलमधली पूड

माझ्या आजाराचं नाव मी घरात सांगितलंच नव्हतं. "रक्तात जंतू झालेत," एवढंच बायकोला सांगितलं. पूर्णेला आमची रेल्वेची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. एकाला ठसका लागला तर शेजारचा पाणी घेऊन यायचा. तिथं एड्स म्हणायची खोटी, संध्याकाळपर्यंत स्टेशनभर झालं असतं. आणि तो मला कुठून लागला ते मला पक्कं ठाऊक होतं. ते बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार?

मुंबईच्या डॉक्टरांनी श्रावणात कॅपसूल सुरू केल्या. दर चार तासांनी एक. आजार जाणार नाही, पण थोपवून धरता येईल, म्हणाले. थोपवलं कुणाला, तर मला! त्या औषधानं रक्त इतकं कमी झालं की रूळ बदलायचा लिव्हर ओढताना मला छाती लावावी लागायची. पॉइंटमन मी, दहा वर्षं एका हातानं ओढलेला. बसलो की उठवायचं नाही. औषध घ्यावं तर नोकरी जाणार, सोडावं तर जीव. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

"अवं, ही औषधं लय गरम हायती," बायको म्हणायची. "अंगातलं रक्त जाळायलीत. सोडा की."

"तुला काय कळतंय? गुमान आण इकडं." असा खेकसायचो मी. तरी घड्याळ बघून कॅपसूल आणि पाणी तीच हातात द्यायची.

दिवाळीनंतर मात्र अंगात हळूहळू बळ यायला लागलं. भाकरी गोड लागू लागली. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या दिवशी मी मिरवणुकीत शेवटपर्यंत चाललो, निळ्या गुलालानं माखून घरी आलो. वाटलं, जिंकलो राव!

त्याच आठवड्यात एकदा दुपारीच घरी आलो. बायको स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. एकेक कॅपसूल उघडायची, आतली पूड वाटीत झटकायची आणि तिच्यात गुळवेलीचं सत्त्व भरून टोपण लावायची. सत्त्व तिच्या आईनं जिंतूरहून पाठवलेलं, दिसायला तसंच पांढरं.

मी भडकलोच. "जीव घेतीस का माझा? कधीपास्नं चाललंय हे?"

"दिवाळीपास्नं." ती जागची हलली नाही. "बरं वाटायलंय ना तुमाला?"

"बरं वाटायलंय, पण आत आजार वाढायलाय ना, अगं!"

"कोणता आजार? नाव तर सांगा."

मी काहीतरी बोलायचं म्हणून वाटीकडं बोट केलं. "आन् ही पूड कुठं टाकतीस?"

"टाकू कशाला? एवढं मुंबईचं औषध. तुमच्या ताटातलं उरलेलं कधी टाकलंय का मी?" तिनं मान खाली घातली. "मीच घेते पाण्यातून. मला बी उन्हाळ्यापास्नं लय थकल्यावानी व्हायलंय, अंगात ताप ऱ्हातो. तुमच्या दुखण्यात माझं कुठं सांगत बसू, म्हणून बोलले न्हाई."

मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि आजाराचं नाव सांगितलं. कुठून आणला तेही सांगितलं. ती रडेल, शिव्या देईल, निदान मारेल तरी, असं वाटलं होतं.

तिनं वाटी हातात घेतली आणि दोघांच्या मधे ठेवली.

"मग हे आता कुणी घ्यायचं?" तिनं विचारलं.